चाळीस अल्बम, दहा जागा

घणसोलीहून आलेलं पत्र:

"ताई, आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र, ब्लॅक मेटल, म्हणजे किंचाळत्या गळ्याचं, भरधाव गिटार-ड्रमचं रॉक संगीत ऐकणारे. दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कळव्याला एकाच्या घरी जमतो आणि त्या वर्षात आलेल्या नव्या अल्बमांची आपापली दहाची यादी वाचतो. पहिल्याला दहा मार्क, दहाव्याला एक. मग बेरीज करून चौघांची मिळून एक यादी. गेल्या वर्षी माझी वाचून झाली तेव्हा एक जण म्हणाला, 'ही तर परदेशी मासिकाची यादी आहे, यात तुझं काय?' सगळे हसले, मीही हसलो. पण ते लागलं, कारण निम्मं खरं होतं. यंदा फोनमध्ये २०२४ चे चाळीस अल्बम आहेत. सगळे आवडल्यासारखे वाटतात आणि एकालाही नंबर देता येत नाही. शिवाय भांडणं आहेतच. एक म्हणतो, आल्सेस्ट हा बँड ब्लॅक मेटल नाही, धरायचा नाही. दुसऱ्याला अशा एका बँडचा अल्बम घ्यायचाय, ज्यातली माणसं उघड नाझी विचारांची आहेत. तिसरा स्वतःच्या बँडचा अल्बम आम्ही पहिल्या पाचात घ्यावा म्हणून रुसलाय. ऐकणं सगळं ठाण्याला ऑफिसला जाता-येता ट्रेनमध्ये होतं. घरी आई म्हणते, सव्वीस वर्षांचा घोडा झालास, या गोंगाटाला नंबर कसले देतोस? नंबर कसे द्यायचे ते सांगा. आणि तुमचा यंदाचा पहिला कोणता, तेही."

मित्रा,

माझ्याकडे एक वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारी मांडतात तसली. नौपाड्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून १९९६ साली घेतली. तिच्यात माझ्या दरवर्षीच्या दहाच्या याद्या आहेत. तुझं पत्र आलं आणि मी ती काढून बसले. पहिल्याच पानावर माझी एक चूक आहे. ती आधी सांगते, कारण तुझं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाचा मोठा भाऊ जहाजावर होता. तो सुट्टीवर आला की तिकडच्या कॅसेटी आणायचा आणि आम्ही त्या टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचो. अल्बम ठाण्याला पोचेपर्यंत दोन वर्षं उलटलेली असायची, म्हणून वही ९६ ची असली तरी पहिलं पान १९९४ चं आहे. माझ्या कॅसेटच्या एका बाजूला नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' होता. तो जेमतेम चाळीस मिनिटांचा, आरामात मावला. दुसऱ्या बाजूला नॉर्वेच्याच एम्पररचा 'इन द नाइटसाइड इक्लिप्स'. तो अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास मिनिटांचा, आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. शेवटचं गाणं सुरू होतंय न होतंय तोच खट्ट करून प्लेअरचं बटण वर यायचं. मी डार्कथ्रोनला पहिला नंबर दिला, एम्पररला दुसरा.

एम्पररचा तो शेवट मला पुरा ऐकायला मिळाला पाच वर्षांनी, कुणाच्या तरी सीडीवर. त्या गाण्याच्या नावातच 'स्तोत्र' आहे आणि ते बांधलंयही तसंच. आधीच्या सगळ्या गाण्यांतून जे चढत आलंय ते तिथे जाऊन टेकतं. शिखर न पाहताच मी पाच वर्षं त्या डोंगराची उंची सांगत होते. त्या रात्री वहीत पेन्सिलीनं दोन्ही नंबर बदलले आणि शेजारी तारीख घातली.

म्हणून पहिला प्रश्न हा: तुझ्या चाळीसांपैकी किती तू पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकलेस? घणसोली ते ठाणे वीसेक मिनिटांचा प्रवास. रबाळे, ऐरोली, दिघा, ठाणे. म्हणजे जाताना अर्धा अल्बम आणि येताना उरलेला अर्धा, मध्ये आठ-नऊ तासांचं ऑफिस. येताना तू खरंच तिथूनच पुढे ऐकतोस की पुन्हा पहिल्यापासून लावतोस? पुन्हा पहिल्यापासून लावत असशील तर तुझ्या फोनमधल्या बऱ्याच अल्बमांचे तू फक्त पूर्वार्ध ओळखतोस.

ट्रेनबद्दल आणखी एक. मी स्वतः ट्रान्स हार्बरनं वाशीला नोकरीला जात होते, तेव्हा हे नीट तपासून पाहिलं. दाराजवळ उभं राहून डार्कथ्रोनच्या वळणाचा कच्च्या आवाजातला अल्बम लावला की गिटार उरतच नाही. चाकांच्या घरघरीत ती विरघळते, नुसती सळसळ कानात येते. तोच डबा, तोच हेडफोन, आणि पोर्तुगालच्या गाएरेयासारखा जाड, भरगच्च आवाजात रेकॉर्ड केलेला बँड लाव. तो ट्रेनवर मात करतो. मग मनात नंबर कोण देतं? अर्धा नंबर ट्रेन देते. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'ची सगळी वाद्यं डार्कथ्रोनच्या एकट्या फेनरिझनं चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर वाजवून भरली आहेत. एम्परर आणि नॉर्वेचाच आणखी एक बँड मेहेम, हे बर्गनच्या ग्रीगहॅलनमध्ये पिटन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली रेकॉर्ड झाले, ती मोठी मैफलीची वास्तू. एकाला बंद खोली लागते, दुसऱ्याला ऐसपैस जागा. ट्रेनमध्ये दोघांनाही न्याय मिळत नाही, पण कच्च्यावर जास्त अन्याय होतो. आणि गाडीच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवत बसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं हेडफोनसाठी ऐंशी डेसिबल, आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. तुला अजून चाळीस वर्षं ऐकायचंय.

आता हिशेब मांडू. चाळीस अल्बम, सरासरी पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे एकदा पूर्ण ऐकायला तीस तास. हे तू वर्षभरात कसंबसं केलंस असं धरू. डिसेंबरात ते पुन्हा करू नकोस, जमणार नाही. चाळीसांची नावं एका कागदावर लिही आणि फोन बाजूला ठेवून प्रत्येकातला एखादा क्षण आठवतो का ते बघ. गाण्याचं नाव नसेना का आठवत. एखादी गिटारीची ओळ, ड्रम थांबतात ती जागा, एखादी किंकाळी, काहीही चालेल. ज्याचं काहीच आठवत नाही त्याच्यावर काट मार. माझा अनुभव असा की चाळीसांतले पंधराच उरतात. ते पंधरा घरी, रात्री, दिवा मालवून, एका रात्री एक असे ऐक. पंधरा रात्री, अकरा-बारा तास. तुमचा रविवार २९ तारखेला आहे. आज सुरुवात केलीस तर वेळेत होतं.

नंबर देताना 'चांगला कोणता' हा प्रश्न मनातून काढून टाक. तुझी गेल्या वर्षीची यादी परदेशी मासिकाची झाली ती याच प्रश्नामुळे. चांगला कोणता हे दुसऱ्याला विचारूनही कळतं. परत कुठे गेलास हे मात्र तुलाच ठाऊक असतं. दोन-दोन अल्बमांच्या जोड्या लाव आणि दरवेळी एवढंच विचार: रात्रीचे अकरा वाजलेत, उद्या सुट्टी आहे, या दोन्हींतला एकच लावता येणार आहे, कोणता लावशील? पंधराच्या पंधरा एकमेकांशी झुंजवायची गरज नाही. पहिले दोन-तीन क्रमानं लाव. पुढचा आला की आधी मधल्याशी ताड. त्याच्या वर गेला तर वरच्या निम्म्यातल्या मधल्याशी, खाली गेला तर खालच्या. तीन-चार प्रश्नांत प्रत्येकाला जागा मिळते. उत्तर पटकन दे. विचार करत बसलास की कुणाची तरी परीक्षणं आठवायला लागतात.

यात एक गोम आहे आणि ती मी लपवणार नाही. ब्लॅक मेटलमधले काही अल्बम उशिरा उघडतात. २००३ साली फ्रान्सच्या ब्लुट आउस नॉर्डचा 'द वर्क विच ट्रान्सफॉर्म्स गॉड' आला. सूर मुद्दाम वाकडे केलेले, गिटारी एकमेकींवरून घसरणाऱ्या. मला तो आजारी असल्यासारखा वाटला. वहीत नववा नंबर आहे. त्याच पानावर पहिल्या नंबरला जो अल्बम आहे त्याचं कौतुक त्या वर्षी सगळीकडे चाललं होतं, आणि मी मान डोलावून त्याला पहिला केला. त्या पानानंतर तो मी एकदाही पूर्ण लावलेला नाही. ब्लुट आउस नॉर्डकडे मात्र दर पावसाळ्यात जात राहिले, आधी कुतूहलानं, मग सवयीनं, आणि तिसऱ्या वर्षी येऊरच्या रस्त्यावर भर पावसात उभं राहून तो ऐकताना जाणवलं की यातलं काहीही वाकडं नाही, मीच सरळ रेषा शोधत होते. नवव्यावर काट मारून पहिला केला. तारीख घातली, २००६.

म्हणून यादी पेन्सिलीनं कर. शाईनं केलेली यादी बदलायला माणूस लाजतो.

मासिकांच्या याद्यांवर मी रागावलेली नाही. त्यांच्यामुळेच ठाण्यातल्या मुलीला फिनलंडचे बँड कळले. पण त्या कशा बनतात ते बघ. वर्षअखेरच्या याद्या नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबरच्या सुरुवातीलाच बाहेर पडतात, म्हणजे त्या लिहिल्या गेल्या त्याच्याही आधी. डिसेंबरात येणारा अल्बम बिचारा दोन वर्षांच्या मध्ये पडतो. पोलंडच्या बाटुश्काचा 'लितुर्गिया' डिसेंबर २०१५ मध्ये आला. पूर्वेकडच्या चर्चमधलं समूहगान ब्लॅक मेटलमध्ये विणलेला तो अल्बम पुढे किती गाजला! पण त्या वर्षीच्या बऱ्याच याद्या तो येण्याआधीच बंद झाल्या होत्या. त्या याद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाच, काय ऐकायचं राहिलंय ते बघायला. डिसेंबर लागला की बंद कर. आणि चौघांना सांग, जमायचं ते जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जमू. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षापासून.

'नवा' कशाला म्हणायचं यावरही एकदाच ठरवून टाका. मी प्रकाशनाची तारीख धरते. रेकॉर्डिंग कधी झालं ते नाही, जुन्याची नवी आवृत्ती नाही, मैफलीचं रेकॉर्डिंग नाही. यंदा एक गंमतीचा पेच आहे. इहसाननं, म्हणजे एम्पररच्याच इहसाननं, फेब्रुवारीत स्वतःच्या नावाचा अल्बम दोन रूपांत काढला, एक मेटल आणि एक निव्वळ ऑर्केस्ट्राचा. रचना त्याच. मी दोन्हींना मिळून एक जागा दिली. पण दोन्ही ऐकल्याशिवाय देऊ नकोस. ऑर्केस्ट्राचं रूप ऐकून मग मेटलकडे आलास तर गिटारींच्या मागे काय चाललंय ते कळतं.

आता तुमची बेरीज. पाचव्या नंबरला तुमच्या पद्धतीत सहा मार्क. एखाद्या अल्बमला चौघांनीही पाचवा नंबर दिला तर सहा चोक चोवीस. दुसऱ्या एखाद्याला दोघांनी जीव ओवाळून पहिला नंबर दिला आणि उरलेल्या दोघांना तो सहनच झाला नाही, तर वीस. म्हणजे ज्याच्यासाठी कुणीच भांडलं नसतं तो जिंकतो. ब्लॅक मेटलसारख्या संगीतात हे फारच वाईट, कारण इथले खरे अल्बम असेच असतात, दोघांना वेड लावणारे आणि दोघांना उठून जायला लावणारे. बेरीज करायची हौस असेल तर करा, पण ती सांगण्याआधी प्रत्येकानं आपला पहिला अल्बम लावावा, निदान एक गाणं पूर्ण, आणि बाकीच्यांनी मधे बोलू नये. तुझी यादी तुझीच राहू दे. तुझ्या मित्रानं विचारलेल्या 'यात तुझं काय' या प्रश्नाचं उत्तर बेरजेत कधीच येणार नाही.

आल्सेस्टचं भांडण सोपं आहे. ज्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमावरून या संगीताला नाव मिळालं, तो आज लावलास तर तुझा तो मित्र म्हणेल हे काय मोटरहेडच्या जुन्या रॉकसारखं. २०१३ मध्ये डेफहेवनचा 'सनबेदर' गुलाबी मुखपृष्ठ घेऊन आला तेव्हा हीच वादावादी झाली होती. कुंपण दर दहा वर्षांनी सरकतं. यंदाच्या 'ले शाँ द लोरोर'मध्ये आल्सेस्ट बहुतेक ठिकाणी स्वच्छ गळ्यानं गातो आणि गिटारी उजेडाच्या आहेत, हे खरं. माझ्या यादीत तो नाही, कारण मला तो ऐकताना ब्लॅक मेटलची तहान लागते आणि ती भागत नाही. पण तुमच्यातल्या ज्याची यादी आहे त्यानं ठरवावं आणि का ते एका वाक्यात सांगावं. दुसऱ्याच्या पानावर फुली मारायचा हक्क कुणाला नाही.

नाझी बँडचं मात्र सोपं नाही, आणि इथे मी तुला 'ज्याचं त्यानं ठरवावं' असं सांगणार नाही.

मेहेमचा 'दे मिस्टेरिइस डोम साथानास' माझ्याकडे आहे. त्यात गिटार युरोनिमसची आणि बेस वर्ग विकेर्नेसचा. ऑगस्ट १९९३ मध्ये विकेर्नेसनं ओस्लोत युरोनिमसचा खून केला, आणि मे १९९४ मध्ये अल्बम बाहेर आला. खुनी आणि बळी एकाच रेकॉर्डवर वाजवतायत. युरोनिमसच्या आईवडिलांनी सांगितलं होतं की आमच्या मुलाला मारणाऱ्याचा बेस त्यात नको. तो तसाच राहिला. मी हा अल्बम ऐकते, आणि दरवेळी त्या दोन म्हाताऱ्या माणसांची आठवण येते. ती येऊ नये असं मला वाटतही नाही.

आणि माझा तो लाडका 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. आमच्या कॅसेटला मुखपृष्ठ नव्हतं, निळ्या पेननं लिहिलेली गाण्यांची नावं तेवढी. बऱ्याच वर्षांनी मूळ छपाईचं मागचं पान पाहिलं, तर त्यावर नॉर्वेजियन भाषेत 'आर्य' ब्लॅक मेटल म्हणून शिक्का. पोटात खड्डा पडला. बँडनं पुढच्या, १९९५ च्या अल्बमवर छापलं की आम्ही नाझी नाही आणि राजकीयही नाही, आणि नंतरच्या छपायांतून तो शब्द गेला. त्यांनी शब्द मागे घेतला म्हणून तो अल्बम माझ्या वहीत राहिला. पण कुणाला ऐकायला दिला की ही गोष्ट सांगितल्याशिवाय देत नाही.

तुझ्या मित्राच्या बँडनं काही मागे घेतलेलं नाही. उघड आणि आजही, असं तूच लिहिलंयस. मग फरक स्पष्ट आहे. वर्षअखेरची यादी म्हणजे जिवंत माणसांच्या नव्या मालाची शिफारस. चौघांनी ऐकलं की चौघांचे पैसे आणि चौघांचे कान तिकडे जातात. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांविरुद्ध १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेब उभे राहिले, ते ठाण्यापासून काही तासांवर. आपण त्या मातीतली माणसं. शुद्ध रक्ताची आरती ओवाळणाऱ्या अल्बमाला आपण हौसेनं सातवा नंबर द्यायचा? आणि तुझ्या मित्राला एवढंच विचार की त्या बँडच्या हिशेबात तुम्ही चौघे कुठल्या पायरीवर बसता. संगीत वेगळं, माणूस वेगळा हे म्हणणं मला समजतं, मी स्वतः तिशीपर्यंत ते म्हणत होते. पण या वर्षी चांगले अल्बम इतके आले आहेत की एक जागा रिकामी केल्यानं कुणाचंही काही बिघडत नाही. युद्धाचा अंधारच हवा असेल तर जर्मनीच्या कानोनेनफीबरचा 'डी उरकाटास्ट्रोफ' त्याला दे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या हकिगतींवर उभा आहे तो, आणि युद्धाची भलामण त्यात औषधालाही नाही.

बँडवाल्या मित्राबद्दल थोडक्यात. दोस्ताच्या अल्बमला नंबर देऊ नकोस, वरचाही नाही आणि खालचाही नाही. यादीच्या खाली वेगळी ओळ लिही: हा माझ्या मित्राचा अल्बम, त्यातलं अमुक गाणं मला फार आवडलं. आणि ते गाणं खरंच शोधून काढ, त्यासाठी अल्बम तीनदा ऐक. रुसवा जायला नंबरापेक्षा ते जास्त कामाला येईल. आपल्याकडच्या बँडना दयेपोटी जागा दिली की त्यांचा अपमान होतो. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शननं २००० पासून सुरुवात करून २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही तो आपल्या शहराचा आहे म्हणून ऐकावा लागला नाही.

आईचं राहिलं. माझी आई घंटाळी मंदिरात भजनाला जायची, पेटी वाजवायची. तिलाही हा गोंगाटच वाटायचा. एकदा दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती आणि मी हळू आवाजात 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चं पहिलं गाणं लावलं होतं. एकाच तारेवर पिक इतकी भराभर वरखाली चालते की सूर सुटे ऐकू येतच नाहीत, तंबोऱ्यासारखा एक सलग पट्टा धरून राहतो आणि त्यावर चाल अगदी सावकाश सरकते. आईचे हात थांबले. म्हणाली, "अगं, हा तर एकच सूर धरून बसलाय की. मग ओरडतो कशाला?" पुन्हा मेथीकडे वळली. तिला ते आवडलं असं नाही. पण त्यानंतर गोंगाट हा शब्द तिनं वापरला नाही. तुझ्या आईला आवाज एकदम कमी करून ऐकव, गाण्याचा गळा सुरू व्हायच्या आधीचा तुकडा, आणि तंबोरा शोधायला सांग.

आता माझी यादी, कारण तू विचारलंस.

पहिला, माँट्रियलच्या स्पेक्ट्रल वूंडचा 'साँग्स ऑफ ब्लड अँड मायर'. ऑगस्टअखेर आला आणि मी पहिल्यांदा नीट ऐकला तो अनंत चतुर्दशीच्या रात्री. दिवसभर मासुंदा तलावाच्या कडेनं मिरवणुका, ढोल-ताशानं छातीचा पिंजरा हललेला. घरी आले, गणपतीच्या रिकाम्या पाटावर समई अजून मिणमिणत होती, सगळे झोपलेले. आवाज कमीत कमी ठेवून हेडफोन लावला. ढोलाच्या ठोक्यांनी मोकळ्या झालेल्या कानांना तो ड्रमांचा सरळ, न थांबणारा मारा अजिबात जड गेला नाही. उलट त्याच्यावरून वाहणाऱ्या गिटारीच्या चाली एकेक करून वेगळ्या दिसू लागल्या, आणि त्या काय चाली आहेत! दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यातली एक मी गुणगुणत होते. तेव्हापासून पंधरा-सोळा वेळा तरी पूर्ण ऐकला. अकरा वाजताच्या प्रश्नाला दरवेळी हेच उत्तर आलं.

दुसरा, हुल्डरचा 'व्हर्सेस इन ओथ'. बेल्जियममध्ये जन्मून अमेरिकेत राहणाऱ्या एका बाईचा हा संसार. तिचा कर्कश गळा आणि मध्येच येणारं जुन्या काळातल्यासारखं संथ गाणं, दोन्ही एकाच छातीतून येतात. फेब्रुवारीपासून माझ्यासोबत आहे. तिसरा इहसान, दोन्ही रूपं मिळून. चौथा कानोनेनफीबर. पाचव्याला डार्कथ्रोनचा 'इट बेकन्स अस ऑल'. आता त्यांचं ते कच्चेपण गेलं, चाल संथ झाली, पण बँडमधले दोघंही अजून मनापासून वाजवतात आणि मला त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांचा आवाज ऐकायला आवडतो. सहाव्याला गाएरेयाचा 'कोमा', घरी ऐकलेला.

सातव्याला फिनलंडच्या ओरान्सी पाझुझूचा 'मुउनताउतुया' आहे. यंदाच्या सगळ्या अल्बमांत तो सर्वांत वेगळा आहे हे मला कळतं. यंत्रांचे आवाज, फुगत जाणारे बेस, गाणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते सापडत नाही. दिवा मालवून दोनदा ऐकला. दोन्ही वेळा मी थक्क झाले, आणि तिसऱ्यांदा लावायला हात पुढे गेला नाही. म्हणून सातवा. त्या ओळीच्या शेजारी मी वहीत बोटभर जागा कोरी सोडली आहे, खोडरबर आणि तारीख दोन्हींना पुरेल एवढी, आणि तो अल्बम येत्या जूनमध्ये, येऊरला पहिला पाऊस पडला की, पुन्हा लावणार आहे.

आठ ते दहा अजून ठरत नाहीयेत. तुझे ठरले की कळव. कळव्याला रविवारी आधी तुझा पहिला लाव आणि त्यांना शेवटपर्यंत ऐकायला लाव.

तुझी,
ताई